कॅफिनविरहित कॉफीची कुळकथा

बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्काने डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे एका मांजरावर प्रत्यक्ष दाखविण्यासाठी फ्रीडलीप रुंगे हा पंचविशीतील जर्मन रसायनज्ञ १८१९ साली येना येथे महाकवी ग्योटे यांच्या भेटीस गेला, तेव्हा त्या प्रयोगाने संतुष्ट झालेल्या कविवर्यांनी निरोप देतेवेळी त्याच्या हाती कॉफीच्या थोड्या बिया ठेवल्या आणि यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचविले. त्या बियांतून रुंगेने पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांचा जो कडू पदार्थ वेगळा काढला, तोच आज आपण कॅफिन या नावाने ओळखतो.

परंतु बी शाबूत ठेवून तिच्यातील तेवढेच एक द्रव्य काढून घेणे हे निराळेच, आणि पुष्कळ अवघड, काम होते. अरेबिका जातीच्या बीमध्ये कॅफिन शेकडा सुमारे सव्वा भाग, रोबस्टामध्ये दोनाहून थोडे अधिक. उरलेल्या भागात ज्या शर्करा, अमिनो आम्ले आणि क्लोरोजेनिक आम्ले असतात, त्यांच्यापासूनच भाजतेवेळी कॉफीचा परिमळ घडून येतो. कच्च्या हिरव्या बीला कॉफीचा वास नसतोच. तेव्हा कॅफिन काढावयाचे ते कच्च्या बीतूनच, आणि परिमळाची ही सारी पूर्वसामग्री मात्र जागच्या जागी राहू द्यावयाची, अशी ही दुहेरी अट आहे. हंसाच्या नीरक्षीरविवेकाला इतका चपखल दाखला रसायनशास्त्रात मला दुसरा आढळला नाही.

ही अट व्यापारी प्रमाणावर प्रथम पार पाडली ती ब्रेमेनचे कॉफीव्यापारी लुडविग रोझेलिउस यांनी. त्यांचे वडील कॉफीची चव पारखण्याचे काम करीत, आणि वडिलांच्या मृत्यूस अतिरिक्त कॅफिनच कारण झाले, अशी मुलाची समजूत होती. समुद्राचे पाणी शिरून भिजलेल्या एका मालावरून त्यांना युक्ती सुचली, असे सांगतात. वाफेने बी फुगवावयाची आणि मग बेंझीन या द्रावकाने तिच्यातील कॅफिन धुऊन काढावयाचे, अशी ती कृती. तिच्या पेटंटाची सनद मिळवून १९०६ साली त्यांनी ‘काफे हाग’ ही कंपनी स्थापन केली. पण आरोग्यासाठी योजलेले ते बेंझीनच पुढे कर्करोगकारक ठरले आणि त्याची जागा इतर द्रावकांनी घेतली. त्यांपैकी मेथिलीन क्लोराइड हे ४० अंशांवरच उकळून उडून जाते, आणि बी तर २०० अंशांच्या आसपास भाजली जाते. तथापि भाजलेल्या कॉफीत त्याचा दशलक्षांश १० भागांहून अधिक अंश राहू देण्यास अमेरिकेच्या कायद्याने मनाई आहे. दुसरे एथिल ॲसिटेट; ते पिकल्या फळांतही असते, आणि कोलंबियात ते उसापासून तयार करतात.

मला सर्वांत मोहक वाटते ती मात्र पाण्याची कृती. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात कॅफिन जेमतेम २ ग्रॅम विरघळते, तर उकळत्या पाण्यात ६० ग्रॅमांहूनही अधिक. तेव्हा गरम पाण्याने काम व्हावे हे उघड आहे. अडचण एवढीच की पाणी कोणताही भेदभाव करीत नाही. कॅफिनसमवेत ते स्वादाची द्रव्येही नेते. यावर तोड अशी काढली, की पहिल्या खेपेच्या बियांवर पाणी सोडावयाचे, त्यांचे सारे सत्त्व त्यात उतरू द्यावयाचे, त्या बिया टाकून द्यावयाच्या, आणि ते पाणी कोळशाच्या अशा चाळणीतून न्यावयाचे की जी कॅफिन तेवढे अडवून धरील. आता या पाण्यात कॉफीचे सर्व काही काठोकाठ भरलेले आहे, वाण आहे ती केवळ कॅफिनची. त्यात नव्या बिया भिजत घातल्या म्हणजे स्वादाच्या द्रव्यांना बाहेर पडण्यास जागाच उरत नाही, आणि ज्याला जागा आहे ते कॅफिन तेवढे हळूहळू पाण्यात उतरते. स्वित्झर्लंडमध्ये उदय पावलेली ही कृती १९८० नंतर व्यापारात रुजली. एका खेपेचे बळी गेलेले सत्त्व पुढच्या अनेक खेपांचे रक्षण करते, ही यातील कल्पकता खरोखर थोर आहे.

त्यानंतरची कृती आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूची. ३१ अंशांहून अधिक उष्णता आणि सुमारे ७३ वातावरणांहून अधिक दाब दिला असता हा वायू वायूही राहत नाही आणि द्रवही होत नाही. वायूसारखा तो बीच्या अंतर्भागात शिरतो आणि द्रवासारखा कॅफिनला विरघळवितो. म्यूलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेतील कुर्ट त्सोझेल यांनी ही कृती सिद्ध केली. तिला लागणारी अवजड यंत्रसामग्री मोठ्या कारखान्यांनाच परवडते.

काढलेले कॅफिन वाया जात नाही. ते शीतपेयांच्या आणि औषधांच्या कारखान्यांना विकले जाते. राहिला प्रश्न बीत मागे उरणाऱ्या अंशाचा. युरोपीय नियमानुसार भाजलेल्या कॅफिनविरहित कॉफीत शेकडा ०.१ भागापर्यंत कॅफिनची मुभा आहे. म्हणजे पेल्यात ते अल्प असते, शून्य नसते. ज्यांना डॉक्टरांनी कॅफिन पूर्णतः वर्ज्य सांगितले असेल त्यांनी हेही पेले मोजूनच घ्यावेत, आणि इतरांनी डबा विकत घेतेवेळी कॅफिन कोणत्या कृतीने काढले आहे याचा उल्लेख त्यावर आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.