पहिली डर्बी घोडीनं मारली!

सोलापूरकरांना घोड्याचं वेड शिकवावं लागत नाही. आषाढी वारीत माळशिरस तालुक्यात रिंगण लागलं, की माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. अकलूजच्या घोडेबाजारात देखणं जनावर उतरलं, की त्याच्याभोवती कोंडाळं जमतंच. थरोब्रेड जातीच्या घोड्यांची शर्यत पाहायची, तर मात्र पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागते. राज्यात त्यांची मोठी रेसकोर्स ही दोनच. शर्यतीच्या मैदानांवर नरांच्या नाकावर टिच्चून जिंकणाऱ्या माद्यांच्या आणि एकूणच घोड्यांच्या या काही खमंग गोष्टी.

1943 : पहिलाच मान तिचा

देशातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती पहिल्यांदा धावली 1943 साली, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर. या शर्यतीत नर आणि मादी दोघांनाही उतरता येतं. त्या पहिल्या वर्षी निशाणाचा खांब सर्वांत आधी ओलांडला तो ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या तरण्या घोडीनं. पाठीवर होता ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. डर्बी विजेत्यांच्या यादीत आजही सगळ्यात वर तिचंच नाव आहे.

नावात जागा उरली नाही!

शर्यतीच्या घोड्याचं नाव कितीही लांब ठेवता येत नाही. आजचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की रोमन लिपीत मधली मोकळी जागा धरून जास्तीत जास्त 18 अक्षरं. आता प्रिन्सेस ब्युटिफुलचं नाव इंग्रजीत लिहून मोजा. आठ, मधली एक जागा आणि नऊ. बरोबर अठरा!

मालक बडोद्याचे, घोड्याचं नाव ‘सयाजीराव’

प्रिन्सेस ब्युटिफुलचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या महाराजा सयाजीरावांचे हे नातू. घोड्यांचा त्यांचा शौक पुढे थेट इंग्लंडला पोहोचला. 1945 मध्ये त्यांनी 28 हजार गिनींना एक वर्षभराचं शिंगरू घेतलं. त्या काळी ती विक्रमी किंमत होती. शिंगराचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’. 1947 मध्ये या सयाजीरावानं इंग्लंडची सेंट लेजर ही शर्यत जिंकली. आणि जॉकी? पुन्हा एडगर ब्रिटच.

आधी मुलींची शर्यत, मग डर्बी

‘ओक्स’ ही फक्त माद्यांची शर्यत. इंग्लंडमध्ये एप्समच्या माळावर ती 1779 साली सुरू झाली. जगप्रसिद्ध डर्बी आली त्यानंतर वर्षानं, 1780 मध्ये. या दोन्हींहून जुनी शर्यत म्हणजे 1776 ची सेंट लेजर. ती पहिल्यांदा कुणी जिंकली? ‘अलाबाक्युलिया’ नावाच्या घोडीनं! म्हणजे तिकडं पहिली सेंट लेजर आणि इकडं पहिली इंडियन डर्बी, दोन्ही माद्यांच्याच खात्यात.

पाच परीक्षा, दीड किलोची सवलत

भारतातल्या मोठ्या ‘क्लासिक’ शर्यती पाच. 1600 मीटरची 1000 गिनी आणि 2400 मीटरची ओक्स या दोन फक्त माद्यांसाठी राखीव. 1600 मीटरची 2000 गिनी, 2400 मीटरची डर्बी आणि पुण्यात होणारी 2800 मीटरची सेंट लेजर या तिन्हींत मात्र नरांशी थेट गाठ. तिथं मादीला सवलत मिळते ती वजनात. डर्बीत नराच्या पाठीवर 57 किलो, मादीच्या पाठीवर 55.5 किलो. जॉकी हलका असेल, तर शिशाचे तुकडे घालून वजन पुरं करतात आणि शर्यत संपल्यावर काट्यावर पुन्हा तपासतात. दीड किलोचा हा फरक सोडला, तर अंतर तेच, माती तीच आणि अडीच मिनिटांच्या आसपासची जीव तोडून धावही तीच. तरी 2010 मध्ये ‘जॅकलिन’नं आणि 2023 मध्ये ‘मिरा’नं डर्बी मारून दाखवली.

सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी

शर्यतीच्या कागदोपत्री आपल्याकडच्या प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस असतो 1 जानेवारी. शिंगरू जानेवारीत जन्मो की मे महिन्यात, नव्या वर्षाला ते एका वर्षानं मोठं होतं. मेमध्ये जन्मलेलं पोर जानेवारीतल्या पोराशी चार महिन्यांनी लहान असूनही बरोबरीनं धावतं. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच यावं म्हणून स्टड फार्मवर आदल्या वर्षीच हिशेब मांडलेला असतो. एप्समच्या डर्बीत तीन वर्षांचे घोडे धावतात, आपल्या डर्बीत चार वर्षांचे. आपली डर्बी फेब्रुवारीत येते, म्हणजे चौथं पुरं होऊन जेमतेम महिना झालेला असतो.

तोंड मिटून 60 चा वेग

थरोब्रेड ताशी 60 किलोमीटरच्या पुढं जातो, आणि तोही फक्त नाकानं श्वास घेत. घोड्याला तोंडानं श्वास घेता येतच नाही. चौखूर धावताना झेप आणि श्वास यांची गाठ बांधलेली असते. एका झेपेला एक श्वास. आणखी एक गुपित दडलंय त्याच्या प्लीहेत. तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा तिथं राखून ठेवलेला असतो. धाव सुरू झाली, की प्लीहा आकुंचन पावते, साठा रक्तात उतरतो आणि स्नायूंना जादा प्राणवायू मिळतो.

54 पैकी 54

जगातल्या माद्यांचे विक्रम ऐकून थक्क व्हायला होतं. एकोणिसाव्या शतकातली हंगेरीची ‘किंचेम’ 54 शर्यती धावली आणि 54 ही जिंकली. आगगाडीच्या लांबलांबच्या प्रवासात तिला एका मांजराची सोबत लागायची, असं सांगतात. अलीकडं ऑस्ट्रेलियात ‘ब्लॅक कॅव्हियार’ 25 पैकी 25 शर्यती जिंकून निवृत्त झाली. तिथलीच ‘विंक्स’ सलग 33 विजय मिळवून 2019 मध्ये थांबली.

सिनेमाच्या आधीची नायिका

धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? हा वाद 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मिटला. एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे लावून धावेचे लागोपाठ फोटो घेतले. उत्तर होतं, हो, सुटतात. चलच्चित्राच्या जन्माआधीचा हा मोठा टप्पा ठरला. त्या फोटोंतली घोडी होती ‘सॅली गार्डनर’.

तबेल्यातून लसीपर्यंत

पुण्याच्या पूनावाला कुटुंबानं 1946 मध्ये स्टड फार्म उभारला. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडं जायचे, कारण धनुर्वातावरची आणि सर्पदंशावरची औषधं घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतात. घोडे आपले, तर औषध आपणच का बनवू नये, या विचारातून 1966 मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आज जगभरातल्या पोरांना टोचल्या जाणाऱ्या लसींमागं पुण्याचा एक तबेला आहे! अलीकडं इंडियन डर्बीच्या आधी नाव लागलं तेही सायरस यांच्या दिवंगत पत्नी विलू पूनावाला यांचं.

भीमेकाठचं काटक रक्त

आपल्या भीमा खोऱ्याचीही स्वतःची जात आहे, भीमथडी. अंगानं लहान, पण काटक. मराठ्यांच्या फौजा दूरदूरच्या मुलखात दौडल्या त्या अशाच दख्खनी तट्टांच्या पाठीवर. थरोब्रेड काही मिनिटांत जीव ओतून मोकळा होतो, भीमथडी दिवसच्या दिवस चालत राहते. दोघांची कसोटी वेगळी, कौतुक दोघांचंही व्हायला हवं.

वंश मोजायचा आईकडून

जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशाची रेघ मागं नेली, की ती तीनच घोड्यांपैकी एकापाशी पोहोचते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. बापांची ही कीर्ती सगळीकडं पोहोचली. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं आयांच्या वंशाला क्रमांक दिले. कोणत्या घोडीच्या घराण्यातून किती विजेते निघाले, ते त्यानं मोजलं. हे क्रमांक आजही वापरात आहेत. नर एका हंगामात अनेक शिंगरांचा बाप होतो. घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू, म्हणून विजेत्या घोडीचं प्रत्येक पोर मोलाचं.

तेव्हा यंदा अकलूजच्या बाजारात एखादं शिंगरू मनात भरलं, तर त्याच्या बापाची चौकशी जरूर करा. पण त्याआधी आईची करा.