बाथमध्ये पोटॅशियम किती?

मूत्रपिंड बंद पडलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचा ताल बिघडतो. किडनीच्या पेशंटला नारळपाणी नको, केळं नको, हे म्हणूनच घरोघरी पाठ असतं. साचलेल्या पाण्यातल्या जंतूंमुळे होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप हे पाठांतर मोडतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईच्या रुग्णालयांत या तापाचे रुग्ण लोटले होते. या जंतूने मारलेल्या मूत्रपिंडाला क्षार धरून ठेवता येत नाहीत. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीवाटे गळत राहतं. त्यामुळे क्रिएटिनिन चढलेलं, पेशंट आयसीयूत आणि पोटॅशियम मात्र ३च्या आसपास, असं बऱ्याचदा दिसतं. (लघवी पुरती थांबली, की तेही चढू लागतं.)

अशा पेशंटला डायलिसिस लावायचं, तर बाथ कोणता?

बाथ म्हणजे डायलायझरच्या पडद्यापलीकडून वाहणारं द्रावण. पडद्याच्या ज्या बाजूला एखादा क्षार जास्त, तिथून तो कमी असलेल्या बाजूला जाणार. टाकाऊ काय आणि गरजेचं काय, हे यंत्राला कळत नाही. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समधल्या कांपेन गावी सॉसेजच्या आवरणाची सेलोफेन नळी फिरत्या पिंपावर गुंडाळली, तेव्हाही हाच नियम होता. नेहमीच्या बाथमध्ये पोटॅशियम २ असतं. पेशंटचं ६.८ असेल तर तो वरदान. ३ असेल तर मुळात कमी आहे तेही निघून जातं. शिवाय बाथमधल्या बायकार्बोनेटने रक्तातलं आम्ल कमी होतं आणि उरलेल्या पोटॅशियमपैकी काही पेशींत शिरतं. आधीच जंतूंनी सुजलेल्या हृदयाला हे झेपेलच असं नाही. इथे ३ किंवा ४चा बाथ हवा.

आकडाही जपून वाचावा लागतो. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात मोजतो ते पोहऱ्यातलं पाणी, विहीर वेगळीच. डायलिसिस संपल्यासंपल्या घेतलेला रिपोर्ट कमी दिसतो, काही तासांनी पेशींतून भर पडून तो पुन्हा वर येतो. घाईने पोटॅशियमची बाटली लावणारा तिथे फसतो.

रक्तदाब तग धरत नसेल तर चोवीस तास संथ चालणारं डायलिसिस लावतात. किलोमागे तासाला २० ते २५ मिली या हिशोबाने साठ किलोच्या माणसामागे दिवसाला तीसेक लिटर द्रव बाहेर पडतो, आणि त्याबरोबर फॉस्फेटही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २००९च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या मात्रेवरच्या ५४ टक्के आणि जास्त मात्रेवरच्या ६५ टक्के रुग्णांचं फॉस्फेट उतरलं होतं. बऱ्याच तयार द्रावणांत ते घातलेलंच नसतं. फॉस्फेट उतरलं की श्वासपटलाचे स्नायू थकतात. ‘किडनी सुधारतेय म्हणता, मग व्हेंटिलेटर का निघत नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे सापडू शकतं.

सोडियमचं दुखणं वेगाचं. ११५ वर आलेल्या पेशंटला १४०चा बाथ जोरात लावला तर मेंदूच्या नसांवरचं आवरण इजा पावू शकतं. म्हणून चोवीस तासांत वाढ साधारण आठच्या आत ठेवतात.

एवढं सगळं त्या द्रावणावर अवलंबून असताना, जोडलेला असेल तो कॅन चालवायचा, ही सवय मला न पटणारी आहे. अँटिबायोटिकचा डोस जसा लिहून देतात, तसा बाथही दर वेळी ताजा रिपोर्ट पाहून लिहायला हवा.

आणि वाचकहो, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आधी सांगा.