पौड रस्त्यावरचं म्हातारपण

चांदणी चौक मागे टाकून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडला निघालं की म्हातारपणाच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. एक, नोकरी संपवून मोकळ्या हवेसाठी शहरातून आलेल्यांची. त्यांच्याकडे लिफ्ट असते, न्हाणीघरात धरायला दांडा असतो, घंटी दाबली की परिचारिका येते. दुसरी, इथल्याच भातखाचरांत उभी हयात घालवलेल्यांची. तिथे उंच उंबरा, घरामागे लांब संडास आणि हिंजवडीत पाळीवर गेलेला मुलगा. पहिलीबद्दल गेली वीस-पंचवीस वर्षं भरभरून लिहिलं गेलं. हा आढावा दुसरीच्या बाजूने उभा आहे.

संस्थांचा इतिहास जाणकारांना पाठ आहे. डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६३ मध्ये पुण्यात निराधारांसाठी सुरू झालेलं आश्रयगृह आज नवी पेठेत ‘निवारा’ म्हणून उभं आहे. १९८० मध्ये ज्येष्ठ नागरिक संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ झाला, १९९५ मध्ये सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. डॉ. विनोद शहा यांच्या जनसेवा फाउंडेशनने भिलारेवाडीत काम उभारलं. ज्येष्ठांसाठी बांधलेली ‘अथश्री’ची संकुलं बावधन-पाषाणपासून भूगावपर्यंत आली, लवासातही ज्येष्ठांची वसाहत झाली. या प्रत्येकाने कुणाला ना कुणाला छप्पर दिलं, त्याचं मोल आहेच.

पण हिशेब मांडून बघावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले ९.९ टक्के होते, म्हणजे एक कोटीहून जास्त माणसं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम सांगितला, तो किमान दीडशे निराधारांचा. बाकीचे सगळे आपापल्या घरातच म्हातारे होणार आहेत. तरीही पुढाऱ्यांपासून दानशूरांपर्यंत सगळ्यांना इमारतच हवी असते. इमारतीला कोनशिला बसवता येते. रोज चार घरं फिरणाऱ्या नर्सला बसवता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा आग्रह जुनाच आहे: सेवा म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी गेली पाहिजे. खाटेपाशी नेमकं काय लागतं, हे तिथे रात्री काढलेल्यांनाच कळतं. पहाटे लघवीला उठलेली आजी ओल्या फरशीवर घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन होतं, ती घरी येते आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर कंबरेच्या खाली जखम धरते. आडवं असताना पेज पाजली तर ठसका लागून ती छातीत उतरू शकते. मूत्रनळी स्वच्छ राहिली नाही की ताप. हे सांभाळायला दर वेळी मोठा डॉक्टर लागत नाही. हात बसलेली नर्स आठवड्यातून दोनदा आली आणि घरच्यांना शिकवून गेली, तरी पुष्कळ भागतं.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाच्या कामाची सुरुवात झाली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात शेजारपाजारचे लोक स्वयंसेवक बनून घरोघर जाऊ लागले. २००८ मध्ये तिथल्या सरकारने या सेवेचं धोरण केलं, आणि पंचायतीच्या पातळीवरून नर्स खाटेपर्यंत पोचू लागली. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये असं धोरण स्वीकारलं. पौड रस्ता जिथे सुरू होतो त्याच्या जवळच, वारज्यात, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतं आहे. एवढ्या जवळ नमुना असून तो मुळशी तालुक्यातल्या मुठा खोऱ्यात आणि माले गावापर्यंत का जाऊ नये?

यावर एक ठरावीक उत्तर ऐकू येतं: पूर्वी एकत्र कुटुंबात सगळं होत होतं, हल्लीच्या सुनांना नको असतं. असं म्हणणाऱ्यांनी पूर्वी कुणाच्या कंबरेवर सगळं होत होतं, तेही सांगावं. पुणे जिल्ह्यातच वढूच्या परिसरात २००७ मध्ये पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त माणसांची पाहणी झाली. तीत बायकांची तब्येत पुरुषांपेक्षा वाईट आढळली. आज ऐंशीच्या सासूला उचलणारी सून अनेकदा स्वतःच पंचावन्नची असते, तिचेही गुडघे गेलेले असतात. तिला दोष देऊन सासूची कूस बदलली जात नाही.

मुळशीत या म्हातारपणाला जमिनीचीही बाजू आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या बरोबर या खोऱ्यातला शेतकरी उभा राहिला, तो जमिनीसाठी. पुढे उरलेली जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने ती गोष्ट घरोघर नेली. पडद्यावर पोरं दिसली. पण बक्षीसपत्रावर अंगठा देऊन मागच्या खोलीत सरकलेला म्हातारा २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये सापडतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. ही अट दस्तात लिहूनच घ्यावी. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं खरं, पण लिहिलेल्या अटीइतकं भक्कम काही नाही. अर्ज प्रांतांकडे, म्हणजे मावळ-मुळशीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. पोटगीची कमाल मर्यादा महिना दहा हजार.

बाकी योजना भराभर सांगता येतात. २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासून महिना दीड हजार. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीलाच, सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण त्याचा उपयोग मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर. कमोडची खुर्ची, डायपर, नर्सिंग ब्यूरोची बाई हा सगळा खर्च घरावरच पडतो.

पडणं टाळण्याची विद्या तर या तालुक्याच्या अंगात होती. तालमीत बैठका मारलेल्या मांड्या म्हातारपणी जमिनीवरून टेका न घेता उठायच्या. तालमी ओस पडल्या, पडव्यांच्या जागी बंद खोल्या आल्या, आणि दिवसभर कॉटवर बसून मांड्या वाळत गेल्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, रोज दोनदा, ही त्याच बैठकीची धाकटी बहीण आहे. बऱ्याच आज्या कार्तिकातल्या काकड्याला देवळापर्यंत चालत जातात, तिथे आरतीआधी पाच मिनिटांत ही उठबस शिकवता येईल. आणि सेवा खाटेपाशी न्यायला सुरुवातीला एवढं पुरे: पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून एक नर्स, एक दुचाकी आणि एक पिशवी, तीत रक्तदाबाचं यंत्र, ड्रेसिंगचं सामान, मूत्रनळ्या. सोमवारी मुठा खोरं, गुरुवारी माले आणि ताम्हिणीकडच्या वाड्या. आधी वीस घरं, आणि त्यांची यादी गावच्या आशाताईंकडे तयार मिळेल.