सामुदायिक कार्यशाळांमधील ध्वनिव्यवस्थापन : काही विचार

बीजसंज्ञा : मेकरस्पेस, गोंगाट, डेसिबेल, निनादनकाल, ध्वनिशोषण, श्रवणहानी

प्रस्तावना

यंत्रे व हत्यारे एकत्र विकत घ्यावीत आणि ज्याला गरज असेल त्याने ती येऊन वापरावीत, या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या सामुदायिक कार्यशाळांना आज ‘मेकरस्पेस’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण मुले हाताने काम करत शिकत होती. मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नील गेर्शेनफेल्ड यांच्या ‘फॅब लॅब’ उपक्रमातील त्या संस्थेबाहेरची पहिली प्रयोगशाळा २००२ मध्ये पाबळलाच सुरू झाली. पुढे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या योजनेमुळे अशा खोल्या शाळांतही आल्या, आणि महाविद्यालयांनी आपल्या कर्मशाळा परिसरातील कारागिरांना व विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात असा विचार बळावला.

अशी कार्यशाळा सुरू करताना वीज, जागा, विमा आणि यंत्रांची देखभाल यांचा विचार होतो. आवाजाचा विचार मात्र शेजारच्या वर्गातून पहिली तक्रार आल्यावरच होतो. तोपर्यंत भिंती उभ्या राहिलेल्या असतात व यंत्रे जमिनीत पक्की केलेली असतात. मग उरतो तो एकच उपाय, यंत्र बंद ठेवण्याचा.

आवाजाचे मोजमाप आणि कान

धातूवर ठोके घालणाऱ्यांचे कान जातात, हे जुने निरीक्षण आहे. व्यवसायजन्य रोगांचा आद्य अभ्यासक मानला जाणारा इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांविषयी ते नोंदवले होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून ज्यांनी फेरफटका मारला आहे, त्यांना त्या निरीक्षणामागचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. अंतर्कर्णाच्या शंखाकृती भागातील संवेदी केशपेशी तीव्र आवाजाने दुखावतात आणि माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. नुकसानीची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होते. त्यामुळे संभाषण प्रारंभी नीट ऐकू येते आणि हानी वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

डेसिबेल ही श्रेणी लॉगरिदमी असल्याने तिचे गणित रोजच्या बेरजेसारखे चालत नाही. ९५ डेसिबेलचे दोन ग्राइंडर एकत्र चालले तर होतात ९८ डेसिबेल, १९० नव्हेत. उलट, १०० डेसिबेलच्या यंत्राशेजारी ८५ डेसिबेलचा कॉम्प्रेसर चालू असो वा बंद, एकूण आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाचे यंत्र शोधून प्रथम त्याचाच बंदोबस्त करणे हाच किफायतशीर मार्ग ठरतो. बारीकसारीक आवाजांवर खर्च करून मुख्य यंत्र तसेच ठेवण्याची चूक सर्रास होते.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने १९९८ मध्ये सुचवलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि त्यापुढील प्रत्येक ३ डेसिबेलला हा कालावधी निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, तर १०० ला अवघी पंधरा मिनिटे. भारतात फॅक्टरी अधिनियम, १९४८ खालील नमुना नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा घातली होती. ही मर्यादा अधिक सैल आहे, आणि शिकणाऱ्यांच्या कार्यशाळेने तिच्यावर समाधान मानू नये.

सामुदायिक कार्यशाळेचे वैशिष्ट्य येथेच ध्यानात येते. कारखान्यात एक कामगार एका यंत्रावर दिवसभर असतो. येथे यंत्र चालवणारे दर दहा मिनिटांनी बदलतात. समजा, बारा सदस्यांनी प्रत्येकी दहा मिनिटे ग्राइंडर वापरला. चालवणाऱ्याच्या कानापाशी आवाज ९५ डेसिबेल आहे, तर वरील मर्यादेनुसार त्याला पाऊण तासाची मुभा आहे. त्याचे काम दहा मिनिटांत आटोपते व तो सुरक्षित राहतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कार्यशाळा-सहायकाला मात्र समजा ९१ डेसिबेल ऐकू येतात, पण ते बाराही जणांचे. त्याची दोन तासांची मर्यादा तेथेच संपते, आणि दिवसभरातील रंधा मशीन, करवत व हातोडी अजून हिशोबात धरलेली नाहीत. नियमावल्या सदस्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या जातात. प्रत्यक्षात सर्वाधिक धोका असतो तो या सहायकाला, आणि बहुधा तोच सर्वांत कमी वेतनावर काम करणारा असतो.

खोलीचा गुणधर्म

दूर बसलेल्याला एवढा आवाज का ऐकू यावा, याचे उत्तर खोलीत आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. बंद खोलीत दोन-तीन मीटरांपलीकडे तो उतरायचा थांबतो, कारण भिंतींवरून परतलेला ध्वनी सर्वत्र सारखा भरून राहतो. हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून केलेल्या प्रयोगांतून या निनादनाचे सूत्र निघाले. खोलीचे घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण, हा झाला सेकंदांतील निनादनकाल.

बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद व चार मीटर उंच अशा खोलीचे उदाहरण घेता येईल. घनफळ ३८४ घनमीटर, एकूण पृष्ठभाग ३५२ चौरस मीटर. शहाबादी फरशी, गिलावा केलेल्या भिंती व काँक्रीटचा स्लॅब मिळून सरासरी शोषणांक ०.०५ धरला, तर शोषण १७.६ चौरस मीटर आणि निनादनकाल साडेतीन सेकंद येतो. अशा खोलीत शिक्षकाचे सलग वाक्य समजणे अवघड होते. आता केवळ छताच्या ९६ चौरस मीटरांवर ०.७ शोषणांकाचे आच्छादन दिले, तर शोषण ८० वर जाते आणि निनादनकाल पाऊण सेकंदावर येतो. ‘अन्सी’ या अमेरिकी मानकाने २००२ मध्ये एवढ्या घनफळाच्या वर्गखोलीसाठी ०.७ सेकंदाची मर्यादा सांगितली आहे. दूर बसलेल्या सहायकाच्या कानी पडणारा आवाजही त्यामुळे सुमारे साडेसहा डेसिबेलने घटतो. ९१ चे ८५ झाले की दोन तासांचे आठ तास होतात. यंत्र चालवणाऱ्याच्या कानापाशी मात्र जेमतेम दोन डेसिबेल कमी होतात, कारण त्याला यंत्राचा आवाज थेट पोहोचतो. त्याला कर्णरक्षक लागतातच.

आच्छादन कशाचे असावे, याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. अंड्यांचे ट्रे व थर्मोकोल भिंतीला चिकटवण्याची पद्धत तर अगदी रूढ आहे. थर्मोकोलची छिद्रे बंद असल्याने तो ध्वनी फारसा शोषत नाही, आणि पुठ्ठ्याचा ट्रे इतका पातळ असतो की खर्जातील आवाजावर त्याचा परिणाम शून्यवत होतो. शिवाय दोन्ही पेटतात. जेथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात व वेल्डिंग चालते, तेथे फोमही लावू नये. कापडाने किंवा सच्छिद्र पत्र्याने झाकलेले रॉकवूल, अथवा सिमेंटने बांधलेले लाकडी तंतूंचे फलक हे सुरक्षित पर्याय होत.

भिंत, फट आणि खिडकी

आवाज शोषणे आणि तो बाहेर जाऊ न देणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. रॉकवूलने निनाद मरतो. पण शेजारच्या वर्गाला वाचवायचे तर वजनदार, अखंड भिंत हवी. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबेल अडवते. त्याच ८ बाय ४ मीटरच्या भिंतीतील दाराखाली एक सेंटिमीटरची फट राहिली, तर दार कितीही भक्कम असले तरी अडवणूक ३५ डेसिबेलवर येते. भिंतीचा एक दशांश भाग उघड्या खिडकीचा असेल, तर ती दहावर येते. मग भिंत विटांची असो वा दगडाची, फरक पडत नाही.

आपल्या हवामानात खिडक्या बंद ठेवा हा सल्ला व्यवहार्य नाही, आणि परदेशी पुस्तिकांतील उपाय येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत ते यामुळेच. वर्गांच्या विरुद्ध दिशेला खिडक्या काढणे, हवेसाठी आतून ध्वनिशोषक अस्तर दिलेला वळणदार मार्ग ठेवणे, कॉम्प्रेसर इमारतीबाहेरच्या विटांच्या कोठडीत रबरी पायांवर बसवून लवचिक नळीने हवा आत आणणे, हे उपाय बांधकामाच्या वेळी स्वस्त पडतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबेलची मर्यादा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्रासाठी राज्य शासनाची अधिसूचना आवश्यक ठरली. तथापि, महाविद्यालयाने आपल्याच वर्गांसाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यंत्र, वेळ आणि माणसे

खरेदीच्या वेळी आवाजाचा आकडा मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. दरपत्रकात तो स्तंभच नसतो. हातात धरायच्या यंत्रांतील कार्बन ब्रशची मोटर मिनिटाला हजारो फेऱ्यांनी किंचाळते, तर जागी बसवलेल्या यंत्रातील इंडक्शन मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण १४४० किंवा २८८० फेऱ्यांनी फिरते व बरीच शांत असते. पत्रा ग्राइंडरऐवजी हातकात्रीने कापता येतो. पाते बोथट झाले की करवतीचा आवाज वाढतो, म्हणून धार लावणे हेही ध्वनिव्यवस्थापनच ठरते.

यानंतर वेळापत्रक. ग्राइंडर व रंधा यांसाठी दिवसातील दोन निश्चित तास ठेवले, तर शेजारच्या वर्गात त्या वेळी प्रात्यक्षिके लावता येतात आणि सहायकही त्या तासांत न चुकता कर्णरक्षक घालतो. दिवसभर विखुरलेल्या आवाजात तो कर्णरक्षक काढतो-घालतो आणि हळूहळू घालायचा विसरतो. मात्र कान झाकलेल्या माणसाला धोक्याची हाक ऐकू येत नाही. त्यामुळे या तासांत इशाऱ्यासाठी दिवा असावा. दिवसभरातील कारागिरांना संध्याकाळचीच वेळ सोयीची असते, म्हणून हे तास ठरवताना त्यांना विचारले गेले पाहिजे. अन्यथा विद्यार्थ्यांसाठी सोयीचे वेळापत्रक कारागिरांना बाहेर ठेवण्याचे साधन बनते.

सहायकाच्या श्रवणाची पहिली चाचणी नेमणुकीच्या वेळीच व्हावी. त्यानंतर ती दरवर्षी व्हावी. आवाजाने कानाला आलेला तात्पुरता बधिरपणा मोजणीत शिरू नये, यासाठी पहिल्या चाचणीपूर्वी चौदा तास गोंगाटापासून दूर राहणे आवश्यक मानले जाते. म्हणून ती सोमवारी सकाळी, कार्यशाळा उघडण्यापूर्वी करून घेणे सर्वांत सोयीचे.