रिठा : झाडावरचा साबण आणि मुलांचा एक प्रश्न



गेल्या महिन्यात चौथीतली एक मुलगी लालभडक डोळे घेऊन शाळेत आली. रविवारी आजीने तिला रिठ्याने न्हाऊ घातलं होतं. संध्याकाळी तिची आई भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आम्ही तर केमिकलचा शाम्पू बंद केला. घरचा रिठा वापरला, तरी डोळे कसे झोंबले?" प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून परिसर अभ्यासाच्या तासाला रिठाच घेतला.

रिठा म्हणजे काय?

रिठ्याचं झाड लिचीच्या कुळातलं. फळं वाळली की तपकिरी, सुरकुतलेली आणि चिकट होतात. आत गोटीसारखं काळंभोर, टणक बी असतं. फेस होतो तो टरफलाचा, बियांचा नाही. या झाडाच्या शास्त्रीय नावातला 'सॅपिंडस' हा शब्द लॅटिनमधल्या 'सॅपो' म्हणजे साबण आणि 'इंडिकस' म्हणजे भारतीय या दोन शब्दांवरून आलाय. म्हणजे नावातच 'भारतीय साबण' आहे!

मळ कसा निघतो?

टरफलात सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, तर दुसरं तेलाला. त्यामुळे केसातलं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ पाण्याबरोबर निघून जाते. साबणही असंच काम करतो. पण बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस कमी आणि साका जास्त होतो, रिठ्याचं तसं होत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी असतो आणि रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी. रेशीम आणि लोकर अल्कलीने खराब होतात. म्हणूनच आपल्या आज्या रेशमी साड्या नि स्वेटर रिठ्यात धुवायच्या. चांदीचे दागिनेही त्यातच उजळायच्या.

वर्गातला प्रयोग

दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत रिठ्याचं गाळलेलं पाणी. दोन्हींत अर्धा चमचा खोबरेल तेल टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. साध्या पाण्यात तेल चटकन वर येऊन तरंगतं. रिठ्याच्या पाण्यात ते बारीक थेंबांत विखुरलेलं राहतं आणि पाणी दुधासारखं दिसतं. मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा हे दाखवा, कायमचं लक्षात राहतं.

मग डोळे का झोंबले?

जो पदार्थ तेलाला सोडत नाही तो डोळ्यांच्या नाजूक पडद्यालाही सोडत नाही. पेशींच्या आवरणातही स्निग्ध पदार्थ असतात, त्यावर सॅपोनिनचा परिणाम होतो. पूर्वी काही ठिकाणी रिठ्याचा चुरा डोहात टाकून मासे गुंगवून पकडत, कारण सॅपोनिनने माशांच्या कल्ल्यांना इजा होते. झाडाला हा कडू पदार्थ आपल्या केसांसाठी नाही, किडींपासून स्वतःला वाचवण्यासाठी लागतो. आणि खरं सांगायचं तर सॅपोनिन हेही एक केमिकलच आहे, फक्त झाडाने बनवलेलं.

पालकांनी काय काळजी घ्यावी?

१. पाच-सहा रिठे फोडून बिया काढा. टरफलं दोन कप पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या. वापरताना आणखी पाणी घालून पातळ करा.
२. मुलाचं डोकं मागे झुकवून धुवा, डोळे मिटायला सांगा. डोळ्यात गेलंच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा.
३. हे पाणी लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा.
४. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत अजिबात भरून ठेवू नका. लहान मूल पिऊन टाकेल!
५. उरलेलं पाणी विहिरीत, तळ्यात ओतू नका.

तासाच्या शेवटी त्याच मुलीने विचारलं, "बाई, मग रिठा चांगला की वाईट?" मी वर्गालाच विचारलं. एक मुलगा म्हणाला, "चांगला आहे, पण डोळे मिटून!" याहून चांगलं उत्तर मलाही सुचलं नसतं. रिठा जरूर वापरा. फक्त 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य मुलांसमोर म्हणण्याआधी एकदा थांबा.