कमी झोप : देणगी की ओढाताण?

नरकचतुर्दशीची पहाट. तांबडे फुटायला अजून अवकाश आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी बंबात जाळ घातलेला आहे, उटण्याची वाटी पाटाशी आली आहे. धाकट्या काकू तर तीन वाजल्यापासूनच उठून कामाला लागल्या आहेत. त्यांना कोणी हाक मारावी लागत नाही. लहानपणापासून त्यांचे असेच. उलट त्यांचा पुतण्या! तीनदा गदागदा हलवले तरी तो गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. मग घरात एकच गलका उडतो : "कुंभकर्ण कुठला!"

वाचकहो, या गलक्यात सामील होण्यापूर्वी जरा थांबा.

अर्जुनाला आपण गुडाकेश, म्हणजे निद्रेला जिंकणारा, म्हणून गौरवतो आणि कुंभकर्णाची थट्टा करतो. कमी झोपणारा तो उद्योगी आणि जास्त झोपणारा तो आळशी, अशी आपली समजूत! पण झोपेची गरज ही पुष्कळशी जन्मतःच ठरलेली असते.

2009 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संस्थेत यिंग-हुई फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मायलेकींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या दोघी रोज सुमारे सव्वासहा तास झोपत. घरातल्या इतरांना आठ तास लागत. मायलेकींच्या डीईसी-२ नावाच्या जनुकात एक बारीकसा फरक सापडला. तोच फरक उंदरांत घडवून आणला, तर उंदीरही कमी झोपू लागले! आपल्या मेंदूत ओरेक्झिन नावाचे, जागे ठेवणारे एक द्रव्य असते. हे जनुक त्याच्या निर्मितीला लगाम घालते. मायलेकींचा हा लगाम जन्मतःच सैल होता. पुढे 2019 साली आणखी एका कुटुंबात असाच दुसरा जनुक सापडला. त्यातला तो फरक लाखात जेमतेम चौघांत असावा, असा अंदाज आहे.

म्हणजे काकूंसारखी माणसे असतात, पण फार विरळा. मग उरलेल्या आपण सर्वांचे काय? प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात.

आता त्या पुतण्याकडे वळू. हळदीला पाणी द्यायचे, हरभऱ्याचे रान ओलवायचे, आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत! सलग तीन रात्री तो हातात बॅटरी घेऊन दारे धरत होता. विंचूकाट्याची भीती वेगळीच. गावात काकडआरतीची टाळ वाजू लागली, तेव्हा कुठे तो घरी आला. त्याला आळशी कोण म्हणेल?

"सवय झाली आहे," असे तो म्हणतो. पण याच शब्दात धोका आहे. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहा किंवा चारच तास झोपू दिले. त्यांचे अवधान एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतके ढासळले. गंमत अशी की, त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप आली आहे असे वाटत नव्हते! अशा अवस्थेत मोटारीचा खटका दाबणे किंवा ट्रॅक्टर हाकणे म्हणजे जिवाशी खेळच.

आपण कोणत्या जातीचे, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. सुटीच्या दिवशी गजर न लावता झोपा. तरीही रोजच्याच वेळी, ताजेतवाने होऊन जाग आली आणि दिवसभर पेंग आली नाही, तर कमी झोप ही तुमची देणगी समजा. दोन-तीन तास अधिक झोपलात, तर ते देणे होते. शरीराने ते वसूल केले, इतकेच.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा हिशेब युनिटांत मांडतात. शेतकऱ्याला परत मिळालेल्या झोपेच्या तासांतही तो मांडायला नको काय?

तोवर अभ्यंगस्नान घटकाभर उशिरा झाले तरी चालेल. पोराला निजू द्या.