डी८५० घ्यावा की डी५००?

गेल्या वेळी आपण लेन्सबद्दल बोललो, आज बॉडीकडे वळू. डीएसएलआरच्या साऱ्या बॉडींचे तक्ते वाचत बसलो तर रात्र होईल. म्हणून आम्ही दोनच घेतल्यात, निकॉनची २०१६ची डी५०० आणि २०१७ची डी८५०. मिररलेसच्या जमान्यात हे कशाला, असं कोणाच्या मनात येईल. पण वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात या दोघांना अजून गिऱ्हाईक आहे. आणि तिथे ‘फुल फ्रेम म्हणजे भारी’ एवढ्या एका वाक्यावर लोक बरेच जादा पैसे मोजून येतात.

किती जादा? बाजारात आली तेव्हा अमेरिकेत डी५००ची नुसती बॉडी साधारण २,००० डॉलरला होती, डी८५० ३,३०० ला. फरक १,३०० डॉलर. निकॉनचीच २००-५०० मिलिमीटरची एफ ५.६ लेन्स तेव्हा १,४०० च्या आसपास मिळायची. म्हणजे बॉडीतल्या फरकात जवळजवळ एक लांब पल्ल्याची लेन्स येत होती. पक्षी टिपणाऱ्याला हा हिशोब झोंबायला हवा!

आता फुल फ्रेमचं बघू. डी८५०चा सेन्सर ढोबळमानाने ३६ बाय २४ मिलिमीटर, डी५००चा २३.५ बाय १५.७. क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त. विषयानं फ्रेम भरली, तर दोन्हीकडे एक्स्पोजर सारखं ठेवूनही मोठा सेन्सर तेवढ्या पटीनं जास्त प्रकाश गोळा करतो आणि अंधाऱ्या हॉलमध्ये फोटो कमी दाणेदार येतो. हा फायदा खरा आहे. पण ‘फ्रेम भरली तर’ हे शब्द विसरू नका.

समजा, भिगवणच्या पाण्याकाठी काठीवर खंड्या बसलाय. लेन्स ५०० मिलिमीटरवर आहे, यापुढे सरकता येत नाही. पक्षी फ्रेमच्या मधे एवढासा दिसतो. घरी येऊन आपण काय करतो? भोवतालचं कापून टाकतो. कापलं की मोठ्या सेन्सरचा वाढीव भाग आपणच फेकून दिला! डी८५०चे ४५.७ मेगापिक्सेल डीएक्सच्या आकाराला कापले की उरतात १९.४. डी५००कडे मुळातच २०.९ आहेत. पिक्सेलचा आकारही जवळपास तोच, इकडे ४.३ मायक्रॉन, तिकडे ४.२. म्हणजे त्या खंड्यापुरते दोन्ही कॅमेरे जवळजवळ सारखेच.

फोकसची यंत्रणा तर दोघांतही एकच, १५३ बिंदूंची. डी५००च्या लहान फ्रेममध्ये हे बिंदू डावीकडून उजवीकडे जवळजवळ कडेपर्यंत पोचतात. डी८५०मध्ये तेच बिंदू मधल्या भागात गोळा झालेले दिसतात. उडता पक्षी फ्रेमच्या कडेला गेला की हा फरक कळतो.

वेगाचंही तसंच. डी५०० सेकंदाला १० फ्रेम काढतो, डी८५० ७. जाडजूड ग्रिप आणि मोठी बॅटरी जोडली की ९, पण त्याचं वजन आणि खर्च वेगळा. वेगवान एक्सक्यूडी कार्ड असेल तर १४ बिटच्या लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइली डी५०० सलग २०० घेतो, म्हणजे २० सेकंद बटण दाबून ठेवा. डी८५०ला पूर्ण फ्रेमच्या तशाच ५१ फाइलींनंतर, सात सेकंदांत धाप लागते. क्रॉप मोडमध्ये फाइल लहान होते, बफरला आराम मिळतो, वेग मात्र सातच राहतो.

मग डी८५० घ्यायचाच नाही का? घ्यायचा की! निसर्गदृश्यं, स्टुडिओ, लग्नं, जिथे जवळ जाऊन फ्रेम भरता येते तिथे तो सरळ पुढे आहे. २४ मिलिमीटरची लेन्स त्यावर २४चीच राहते, डी५००वर ती ३६सारखी दिसते. मांडवातल्या गर्दीत हे फार नडतं. त्याचा मूळ आयएसओ ६४. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर साडेसत्तावीस बाय अठरा इंचाचा प्रिंट निघतो, डी५००चा साडेअठरा बाय बारा. आता एवढा मोठा प्रिंट आपण शेवटचा कधी काढला, ते ज्याचं त्यानं आठवावं.

वापरलेला घेणार असाल तर थोडं थांबा. दोघांचंही शटर २ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. आकडा मोठा वाटतो, पण पक्ष्यांमागे दिवसाला २,००० फ्रेम सहज होतात, म्हणजे असे १०० दिवस. दोन लाखांनंतर शटर लगेच मरतं असं नाही, पण भाव करताना मुद्दा आपल्या हातात असतो. विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल मागा. निकॉन शटरची मोजणी फाइलीतच लिहून ठेवतो, ती वाचणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, सेन्सरवरची धूळ आणि डाग ठिपक्यांसारखे दिसतील. आणि आपली स्वतःची लेन्स लावून फोकस बघा. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं केसभर जमत नाही असं होतं. त्यासाठी दोन्हींत एएफ फाइन ट्यून आहे. ते कसं करायचं, हे समोर कॅमेरा ठेवूनच दाखवायला हवं, म्हणून ते पुढच्या वेळी.